उघड्या पाठीचं निरीक्षण

माझ्या भावना दुखावल्या आहेत, ही बातमी आमच्या इमारतीत सगळ्यात शेवटी मला कळली. आधी ती खालच्या काकूंना कळली, मग सेक्रेटरींना, मग गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या समस्त महिलावर्गाला. इस्त्रीवाल्यालासुद्धा माझ्याआधी दोन दिवस कळली होती. संध्याकाळी कपडे देताना त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "ताई, आता बरं आहे ना?" मी "हो" म्हटलं. माझा गुडघा मधे दुखत होता आणि तो खरंच बरा झाला होता.

मी भांडखोर बाई नाही. हे लोकच सांगतात, आणि सांगताना त्यांना माझी थोडी कीव येते. माझे रोजचे काही नेम आहेत. सकाळी अकरापर्यंत मौन. दिवसभरात आवाज चढवायचा नाही. खोटं बोलायचं नाही. आणि निजण्यापूर्वी एका तरी माणसाला मनापासून क्षमा करायची. एरवी या शेवटच्या नेमासाठी मला माणूस शोधावा लागतो. कधी कधी तर कुणीच मिळत नाही, म्हणून मी लिफ्टला क्षमा करते. त्या आठवड्यात मात्र रांग लागली होती.

झालं असं, की मी शाळेत चित्रकला शिकवते. अठरा वर्षं शिकवते आहे आणि अठरा वर्षं 'तात्पुरती' आहे. यंदा वरून पत्र आलं: चित्रकला शिकवणाऱ्याकडे दृश्यकलेचं प्रमाणपत्र हवं, नसेल तर पुढच्या सत्रापासून तो तास खेळाच्या सरांकडे. खेळाचे सर माणूस वाईट नाहीत. पण पत्र आलं त्याच दुपारी ते टेप घेऊन माझ्या वर्गात आले आणि चित्रांचं कपाट मोजायला लागले.

"बाई, घाई नाही हं," ते म्हणाले. "आपलं बघून ठेवतोय. चौदा फुटबॉल बसतील."

त्या कपाटात अठरा वर्षांची मुलांची चित्रं आहेत. निळे हत्ती आहेत, पाच पायांच्या खुर्च्या आहेत, एका मुलीनं काढलेलं आजीच्या झोपेचं चित्र आहे. त्या रात्री मी खेळाच्या सरांना क्षमा केली, पण ती अर्धवट झाली असणार, कारण सकाळी उठल्यावर पुन्हा करावी लागली.

मी पत्राद्वारे शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात नाव घातलं. आठ स्वाध्याय पार पडले. नववा, शेवटचा, शाळेच्या सुट्टीत आला. तो असा होता: 'आपल्या परिसरात लावलेल्या एका संगीत अल्बमच्या जाहिरातीच्या दृश्य मांडणीचे विश्लेषण करा. जाहिरात सलग सात दिवस, निरनिराळ्या उजेडात, प्रत्यक्ष पाहावी. छायाचित्र ग्राह्य धरले जाणार नाही. आठव्या दिवशी मार्गदर्शक स्थळावर येऊन पडताळणी करतील.'

सल्ले लगेच सुरू झाले. आमचे हे म्हणाले, "गाण्याची जाहिरात बघायची? मग ऐकायचं काय?" खालच्या काकू म्हणाल्या, "अगं, गाण्याची कसली घेतेस, साबणाची घे. स्वच्छ तरी असते." सेक्रेटरींनी त्यांच्या साडूच्या वाद्यवृंदाचं हस्तपत्रक आणून दिलं, त्यावर साडूच्या एकट्याच्याच छातीवर अकरा बिल्ले होते. मी सगळ्यांचे आभार मानले आणि बसथांब्यासमोरचा फलक निवडला. परिसरात संगीत अल्बमची जाहिरात तेवढी एकच होती.

फलक वीस फूट रुंद, दहा फूट उंच. जवळजवळ सगळाच काळा. उजव्या कडेला एक तरुण आपल्याकडे पाठ करून बसलेला. पाठ उघडी. कमरेपासून मणक्यावरून वर मानेपर्यंत गोंदलेला साप. हातात वाद्य नाही, समोर माइक नाही. आणि पार डावीकडे, खालच्या कोपऱ्यात, पांढऱ्या बारीक अक्षरांत अल्बमचं नाव: 'पाठमोरा'.

पहिल्या दिवशी मी ती पाठ पाहिली आणि मान खाली घातली. खोटं कशाला सांगू. पण पुस्तकात लिहिलं होतं, 'निरीक्षकाने संकोच बाजूला ठेवावा.' म्हणून मी तो पर्समध्ये ठेवला आणि कामाला लागले.

निरीक्षणाच्या तीन पायऱ्या होत्या. पहिली, डोळे घट्ट मिटायचे, दहा आकडे मोजायचे, एकदम उघडायचे आणि नजर आधी कुठे जाते ते लिहायचं. दुसरी, चित्र आरशात पाहायचं, म्हणजे डावं-उजवं पालटतं आणि तोल कळतो. तिसरी, एक डोळा झाकून, हात लांब करून, चित्रातला एकेक भाग अंगठ्यानं झाकायचा आणि त्यावाचून काय बिघडतं ते पाहायचं. हे दिवसातून चार वेळा, सकाळच्या, दुपारच्या, तिन्हीसांजेच्या आणि दिव्याच्या उजेडात.

बसथांब्यावर उभं राहून बस न पकडणं किती अवघड आहे, याची मला कल्पना नव्हती. प्रत्येक बस थांबायची. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाहक दारात लोंबकळत ओरडला, "मावशी, येताय की नाही?"

"नाही, मी बघतेय."

"काय बघताय?"

खोटं बोलायचं नाही हा माझा नेम. "पाठ," मी म्हटलं.

अख्ख्या बसनं उजवीकडे माना वळवल्या. चालकानंसुद्धा. मागची गाडी कचकन थांबली.

खालच्या काकूंची खिडकी बसथांब्यावर उघडते. काकू दिवसभर खिडकीत नसतात, दोन वेळा जेवायला आत जातात. त्यांनी जे पाहिलं ते असं: एक देवभोळी बाई रोज चार वेळा त्या फलकासमोर जाते. डोळे घट्ट मिटते आणि ओठांत काहीतरी पुटपुटते. (मी आकडे मोजत होते.) मग आरसा काढते, कारण तिला सरळ बघवत नाही. मग हात पुढे करून ते पाप आपल्या अंगठ्यानं झाकायचा प्रयत्न करते, आणि ते काही झाकत नाही.

काकूंनी हे आधी गच्चीवर सांगितलं. गच्चीवर सांगितलेलं खाली यायला, सांडपाण्याला पाइपातून खाली यायला लागतो तेवढाच वेळ लागतो.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कारण चौथ्या दिवशी मला एक गोष्ट सापडली होती आणि मी तिच्यात गुंतले होते. तिन्हीसांजेच्या उजेडात फलकावरचं सगळं विझलं, पाठसुद्धा. उरला फक्त त्या मुलाचा कान. चित्रकारानं सगळ्या चित्रात एकाच जागी उजेड ठेवला होता, कानाच्या पाळीवर, आणि दिवसा तो कुणाला दिसत नव्हता. सापाचं डोकं बरोबर तिथे येऊन थांबत होतं. साप चावत नव्हता, काहीतरी सांगत होता, आणि तो मुलगा ऐकत बसला होता. गाण्याची जाहिरात आणि चित्र ऐकणाऱ्याचं! गाणारा कुठेच नाही. एवढा काळा रंग वाया घालवलेला नव्हता. नाव वाचायला डावीकडे जाताना माणसाला त्या सगळ्या शांततेतून चालत जावं लागत होतं. मी रोज अकरापर्यंत गप्प बसते. गप्प बसून ऐकायचं असतं, हे मला अजून नीट जमलेलं नाही. माझं निम्मं लक्ष घड्याळाकडे असतं. आणि हा मुलगा अंगात सदरा नसताना ते बसून दाखवत होता. मी घरी आले आणि सहा पानं लिहिली. शेजारी पेन्सिलीनं आकृत्या काढल्या. पाठीच्या.

पाचव्या दिवशी सकाळी दहाला दार वाजलं. मी उदबत्ती लावत होते, डोळ्यांत धूर गेला होता. दार उघडलं तर सेक्रेटरी, खालच्या काकू आणि मागे जिन्यावर बारा-पंधरा माणसं. सगळ्यांचे चेहरे आजाऱ्याला भेटायला आल्यासारखे.

"ताई, तुम्ही एक अक्षर बोलू नका," सेक्रेटरी म्हणाले. मी तसंही बोलणार नव्हते. "आम्हाला सगळं कळलंय."

"बघा, डोळे बघा हिचे," काकू म्हणाल्या. "रडतेय बिचारी."

मी जोरात मान हलवली.

"नाही म्हणतेय. आपल्यापायी कुणाला त्रास नको, असं म्हणतेय."

लिहून सांगता आलं असतं, असं नंतर मला पुष्कळांनी ऐकवलं. पण लिहून बोलणं ही मौनातली पळवाट आहे, आणि मी मौन पाळते, पळवाटा नाही. मी हात जोडले. माझ्या मते हात जोडण्याचा अर्थ 'कृपा करून हे करू नका' असा होतो.

"अहो, हात कसले जोडता! आमचं कर्तव्यच आहे ते," सेक्रेटरी म्हणाले.

मी घड्याळाकडे बोट दाखवलं. अकरा वाजेपर्यंत थांबा, एवढंच माझं म्हणणं होतं.

"फार उशीर झाला, म्हणतायत. पटलं. फलक काढायचा अर्ज आजच देतो."

शेवटचा उपाय म्हणून मी टेबलावरची वही उचलून त्यांच्यापुढे धरली, अभ्यास आहे हे कळावं म्हणून. काकूंनी ती उघडली. पहिल्या पानावर पाठ. दुसऱ्या पानावर पाठ. तिसऱ्यावर पाठ आणि तिच्यावर बाण.

"अगं बाई गं!" काकू मटकन खाली बसल्या. "मनातून जातच नाहीये हिच्या! ही वही हिच्या डोळ्यांसमोर ठेवूच नका." आणि त्यांनी ती काखेत मारली.

एवढ्यात आमचे हे अंघोळ करून टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आले. मला वाटलं, सुटले. यांना सगळं माहीत होतं, फलकाची उंची मोजायला यांनीच मला टेप दिला होता. सेक्रेटरींनी कागद पुढे केला. यांनी चष्मा शोधला, कागद वाचला, माझ्याकडे अत्यंत प्रेमळ नजरेनं पाहिलं आणि सही केली.

सही! अकरा वाजून एक मिनिटानं मी विचारलं, "अहो, तुम्हाला तर माहीत होतं ना?"

"माहीत होतं गं. पण मला वाटलं, तू अभ्यास म्हणून बघायला गेलीस आणि बघता बघता दुखावलीस. माणसाचं होतं असं."

"मी दुखावलेली दिसते तुम्हाला?"

"आत्ता दिसतेस," हे म्हणाले.

मी तशीच सेक्रेटरींकडे धावले. ते पंपाच्या खोलीत होते, पंप चालू होता. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. अगदी मुद्देसूद. त्यांनी कानाशी हात नेला, हसले आणि ओरडले, "आभार नंतर माना हो, ताई! अर्ज गेलासुद्धा!"

अर्जाची प्रत मला दुपारी दाखवली. वर एक्केचाळीस सह्या. खाली मजकूर: 'आमच्या इमारतीतील एक सात्त्विक महिला सदर पाठीमुळे गेले पाच दिवस बसथांब्यावर उभ्या आहेत.' सोबत परिशिष्ट अ, म्हणजे माझी वही.

आता हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी क्षमा करून मोकळी झाले असते. पण तीन दिवसांनी मार्गदर्शक बाई जाहिरात बघायला येणार होत्या, आणि ती भिंतीवर असणं मला गरजेचं होतं. सहाव्या दिवशी दुपारी मी पालिकेच्या विभाग कार्यालयात गेले. कारकून लाल दोऱ्यानं एक फाइल शिवत होता. जवळून पाहिलं तर आतून माझी वही डोकावत होती.

"मला हा अर्ज मागे घ्यायचाय," मी म्हटलं.

"काय?"

"मागे. घ्यायचाय."

"तुम्ही अर्जदार?"

"नाही."

"हरकतदार?"

"नाही हो, माझी हरकतच नाहीये."

त्यानं फाइलमधे बोट घालून माझं नाव शोधलं आणि त्याचा चेहरा उजळला. "हां! तुम्ही 'बाधित' आहात. बाधितांना अर्ज मागे घेता येत नाही."

"का?"

"कारण त्यांनी दिलेला नसतो. बाधित फक्त बाधित असतात. उद्या सुनावणी आहे, साहेबांना सांगा."

"ती वही तरी द्या. माझी आहे."

"आता ती पुरावा आहे," तो म्हणाला आणि दोऱ्याला गाठ मारून त्यानं ती दातांनी घट्ट केली. माझ्या नवव्या स्वाध्यायाला दातांनी गाठ मारली त्यानं! मी त्याला काय म्हणाले असेन? "बरं," म्हणाले. बाहेर येऊन तिन्हीसांजेच्या निरीक्षणासाठी बसथांबा गाठला.

सातव्या दिवशी सुनावणी. साहेबांच्या खोलीत सेक्रेटरी, काकू, इमारतीतली दहा माणसं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर मी, बाधित. साहेबांनी जांभई दिली, ती पूर्ण केली आणि विचारलं, "बोला बाई. काय आक्षेप?"

"काही नाही, साहेब."

"मोठ्यानं बोला."

"काही आक्षेप नाही."

"साहेब," सेक्रेटरी मधे पडले, "त्या कुणाला वाईट म्हणतच नाहीत."

"जाहिरात चांगली आहे," मी म्हटलं.

"आमच्या लिफ्टलासुद्धा चांगली म्हणतात, साहेब," सेक्रेटरींनी पुरावा दिला.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, 'चांगली आहे' असा रकाना नाही इथे. का चांगली आहे ते सांगा, म्हणजे काहीतरी लिहिता येईल."

मला वाटलं, देवानंच वाट दाखवली. मी उठले, टेबलावर वाकले आणि फाइलमधे शिवलेली माझी वही वाचायला लागले. काळा रंग, एकटा उजेड, मणक्याची रेषा नजरेला वर कशी नेते, सोडत कशी नाही, सगळं वाचलं. आवाज लहानच होता. काकूंनीसुद्धा सुपारी चघळायची थांबवली. साहेब हळूहळू सरळ बसले.

"थांबा. ते पुन्हा वाचा."

"'एकदा त्या रेषेवर चढलेली नजर तिथून सुटू शकत नाही.'"

"चालकाचीही?"

मी खोटं बोलत नाही. "हो, साहेब. मी सात दिवस पाहिलं. वळणावर येणारा प्रत्येक चालक बघतो. बसवाले तर मान मागे वळेपर्यंत बघतात."

"लिहून घ्या!" साहेबांनी टेबलावर हात मारला. "कलम नऊ. वाहनचालकांचे लक्ष वेधणारी जाहिरात."

"पण साहेब, जाहिरातीनं लक्ष वेधायचंच असतं."

"तेच तर म्हणतो मी! या रस्त्यावर आणखी सोळा जाहिराती आहेत. सगळ्या नियमानं वागतात. कुणी ढुंकून बघत नाही त्यांच्याकडे." ते खुर्चीतून उठले आणि त्यांनी मला चक्क नमस्कार केला. "अकरा वर्षं इथे बसतोय. इतकी मुद्देसूद तक्रार नाही पाहिली. हाच मजकूर आदेशात घाला, एक शब्द बदलू नका."

घरी येताना सगळे आनंदात होते. मी स्वतःला धीर दिला: कार्यालयाचा आदेश आहे, अंमलबजावणी व्हायला वेळ लागेल. आमच्या दारातला खड्डा बुजवायचा आदेश निघून चार वर्षं झाली आहेत. तो खड्डा अजून आहे, त्याच्या कडेला मुलं बसतात. मी निश्चिंत होऊन संध्याकाळी सगळा स्वाध्याय आठवून नव्यानं लिहून काढला. माझेच शब्द होते, काना-मात्रेसकट तोंडपाठ.

आठव्या दिवशी सकाळी नऊ वाजता शिडीची गाडी आली. कार्यालयाच्या इतिहासात पहिल्यांदा एखादं काम वेळेवर होत होतं, आणि त्यासाठी त्यांना माझंच काम सापडलं. मी मौनात होते. गच्चीत उभं राहून पाहत होते. माणसं फलक डावीकडून गुंडाळत आली. नाव गेलं, काळा रंग गेला, पाठ गेली, आणि सगळ्यात शेवटी कान. मग भिंतीवर त्यांनी एक पाटी ठोकली आणि निघून गेले.

तीन वाजता मार्गदर्शक बाई आल्या. बारीक अंगाच्या, केस कापलेले, चष्मा दोरीला बांधलेला, पर्समधे दोन पेनं, एक मान्य करायला आणि एक खोडायला. त्यांनी भिंत पाहिली.

"जाहिरात?"

"होती," मी म्हटलं. "सकाळपर्यंत."

त्यांनी माझा स्वाध्याय हातात घेतला आणि आमच्या इमारतीच्या दारात उभं राहून वाचायला लागल्या. दुसऱ्या पानावर त्यांचा चेहरा सैल झाला. तिसऱ्या पानावर त्यांनी "वा!" म्हटलं, अगदी स्पष्ट, मी ऐकलं. चौथं पान उलटताना त्यांची नजर दारातल्या सूचनाफलकाकडे गेली. तिथे सेक्रेटरींनी कार्यालयाच्या आदेशाची प्रत काचेमागे लावली होती. बाईंनी चष्मा वर केला. आदेश वाचला. माझं पान वाचलं. पुन्हा आदेश.

"परिच्छेद दोन ते पाच," त्या थंड आवाजात म्हणाल्या, "शब्दशः. आदेशावर तारीख कालची. तुमच्या स्वाध्यायावरही कालचीच. सरकारी कागदावरून उतरवलंत?"

"ते माझंच आहे हो. त्यांनी माझ्याकडून—"

"नाही हो, मॅडम!" आदेशाचं खापर माझ्यावर फुटतंय असं वाटून सेक्रेटरी मदतीला धावले. देव त्यांचं भलं करो. "आदेश साहेबांनी स्वतः काढलाय. अकरा वर्षांचा अनुभव आहे त्यांचा. या बाई तर बोलतही नाहीत."

बाईंनी खोडायचं पेन काढलं. "नक्कल आढळल्यास स्वाध्याय रद्द. पुन्हा संधी पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी कपाटात फुटबॉल असणार होते. निळे हत्ती कुठे जाणार, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रद्दीतच जाणार. आजीच्या झोपेचं चित्रही.

"मला दुसरं काहीतरी द्या," मी म्हटलं. माझा आवाज नेहमीइतकाच होता, पण जिभेला धार आल्यासारखं वाटलं. "आत्ता. इथेच. तुम्ही दाखवाल ते."

बाईंनी पेन हवेत धरलं, इकडेतिकडे पाहिलं आणि रस्त्यापलीकडच्या भिंतीकडे बोट केलं. "ती पाटी."

आम्ही रस्ता ओलांडला. आमच्यामागे सेक्रेटरी, काकू, हे, आणि ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यातले जे घरी होते ते सगळे. मी डोळे मिटले. दहा मोजले. उघडले.

"नजर आधी लाल रंगावर जाते," मी म्हणाले. ऐकू यावं म्हणून सगळे जवळ सरकले. "लाल रंगात सात गोष्टी आहेत. त्यामुळे नजर सात ठिकाणी जाते आणि कुठेच बसत नाही. चौकटीच्या आत चौकट, तिच्या आत आणखी एक चौकट. आतल्या मजकुराची लिहिणाऱ्यालाच खात्री नसली, की कुंपणं वाढतात. वर बाण आहे. तो काढलेल्या फलकाकडे दाखवायला हवा होता. फलक नाही, म्हणून तो आता खालच्या काकूंच्या खिडकीकडे दाखवतो."

काकूंनी खिडकीकडे पाहिलं.

"सगळ्यात मोठी अक्षरं 'आदेशावरून' या शब्दाची. काय काढलं, का काढलं, हे बारीक. काढायला सांगणारा कुणीतरी आहे, हे मोठं. सहीवर शिक्का असा मारलाय की नाव वाचता येत नाही. म्हणजे अधिकार दिसावा, माणूस दिसू नये. आणि मांडणीच्या बरोबर मधोमध, जिथे थकलेली नजर शेवटी येऊन टेकते, तिथे 'यांच्या तक्रारीवरून' असं म्हणून माझं नाव आहे. नवऱ्याच्या नावासकट. मला न विचारता."

मी एक डोळा झाकला, हात लांब केला आणि माझं नाव अंगठ्यानं झाकलं.

"सगळ्या पाटीत विषयाशी संबंध नसलेला भाग एवढा एकच आहे. तो काढला तर पाटीचं काही बिघडत नाही. उलट ती खरी होते. ज्यांची खरी हरकत होती ती एक्केचाळीस नावं मात्र कुठेच नाहीत. मांडणीच्या भाषेत याला मोकळी सोडलेली जागा म्हणतात. साध्या भाषेत काय म्हणतात, ते मी बोलत नाही."

रस्त्यावर बस येऊन थांबली होती. वाहक दारात लोंबकळत होता, पण त्यानं मला 'येताय का' असं विचारलं नाही. सेक्रेटरी चपलेनं जमीन उकरत होते. आमचे हे आपली सही जणू बोटाला चिकटलेली असावी तसं बोट चोळत होते.

मार्गदर्शक बाईंनी खोडायचं पेन पर्समधे ठेवलं, दुसरं काढलं, आणि माझा कागद त्याच पाटीवर टेकवून लिहिलं. मग कागद माझ्या हातात देऊन त्या त्याच बसमधे चढल्या.

चाळीसपैकी एकोणचाळीस. खाली शेरा: 'निरीक्षण सूक्ष्म. विचार स्वतःचा. भाषा काहीशी जहाल, म्हणून एक गुण वजा.'

प्रमाणपत्र आलं, ते त्या कागदासकट शाळेत दाखवलं तेव्हा खेळाच्या सरांनी तो शेरा दोनदा वाचला आणि फुटबॉल जिन्याखाली ठेवायला नेले.

घरी मात्र हे पेटले होते. स्वतःच्या सहीचं प्रायश्चित्त म्हणून असेल. "जहाल? तू? अठ्ठावीस वर्षं मी तुझ्याबरोबर राहतोय! हा अन्याय आहे. आपण फेरतपासणीचा अर्ज टाकू. सेक्रेटरी म्हणतायत, सगळे सह्या देतील."

मी त्यांच्या हातातला कोरा कागद काढून घेतला आणि खणात ठेवला. बावन्न वर्षांत मला कुणी जहाल म्हणालं नव्हतं. तो एक गुण मी कुणालाही परत मागणार नाही.